फ्री किकची भिंत

मित्रांनो, घाईत लिहितोय, टायपिंगच्या चुका चालवून घ्या.

मी सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात बायकांच्या हौशी फुटबॉल टीमला शिकवतो. आज सकाळी सराव चालू असताना आमच्या राणीचा भाऊ मैदानात घुसला. बावीस वर्षांच्या बहिणीला केसाला धरून फरफटत न्यायला लागला. "चड्डी घालून नाचती व्हय? चल घरी, तंगडंच मोडतो!"

राणीनं त्याला कडकडून चावून स्वतःला सोडवलं. तसा त्यानं कॉर्नरचा झेंडा काठीसकट उपटला.

तेवढ्यात आमची कॅप्टन नसरीन ओरडली, "भिंत!"

फ्री किकला चेंडू अडवायला उभ्या राहतात तशा पाच जणी खांद्याला खांदा लावून राणीपुढं उभ्या राहिल्या. सरावात चेंडू आला की याच बायका तोंड फिरवतात, म्हणून मी रोज बोंबलतो. आज काठीचे फटके बसले. नसरीनची भुवई फुटली, रक्त डोळ्यात ओघळलं. एकीनंही तोंड फिरवलं नाही. काठी मोडली, तेव्हा कुठं तो गेला.

टाके घालून घेताना नसरीननं विचारलं, "सर, आज भिंत बरोबर लागली की?"

मी मान डोलावली. तिला पाठीमागचं दिसलं नसावं. मी भिंतीच्या मागं, राणीशेजारी उभा होतो.

खरं सांगा, तुम्ही कुठं उभे राहिला असता?