क्विटोत काय पाहावं

कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या मराठी मंडळींत माझ्यावरचा एक विनोद ठरलेला होता, आणि तो माझी बायकोच सांगायची. शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जेवण असायचं. कुणी कैरोचे, कुणी इस्तंबूलचे फोटो काढून बसलं, की ही म्हणायची, "आमचे हे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि हॉटेलची लिफ्ट बघून परत आले." सगळे हसायचे. मीही हसायचो, पण घास तोंडात फिरत राहायचा.

कारण ते खरं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीने मला पंपांच्या कामासाठी दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोरच्या राजधानीत पाठवलं होतं. क्विटोला. दोन बैठकांच्या मध्ये तीन दिवस मोकळे मिळाले आणि मी शाळा बुडवलेल्या पोरासारखा हुंदडलो. परतलो तेव्हा कुवेतमध्ये भर जुलै. दोन्ही मुलांना कांजिण्या, खिडक्या बंद केलेल्या फ्लॅटमध्ये ही एकटी, डोळ्यांखाली काळं. "काही पाहिलंत का?" असं तिने विचारलं आणि मला हो म्हणवेना. कुठलं काय, ऑफिस आणि हॉटेल, असं सांगून टाकलं. तिला माझीच कीव आली. तशा अवस्थेत तिने माझ्यासाठी शिरा केला. मी तो खाल्ला. एकदा खाल्ल्यावर मग खरं कधी सांगणार?

बऱ्याच वर्षांनी, मुलं कॉलेजसाठी पुण्याला गेल्यावर, अशाच एका शुक्रवारी नाशिकचा एक तरुण इंजिनिअर जेवताना माझ्याशेजारी बसला. त्याला कंपनी क्विटोला पाठवत होती. सर, तिथे काय पाहावं, त्याने विचारलं. वाढता वाढता हिने टोला हाणलाच, "त्यांना लिफ्टचं विचारा."

त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी बोलायला लागलो.

म्हटलं, आधी टेकडीवर जा. वर पंख असलेल्या मदर मेरीचा प्रचंड पुतळा आहे, अॅल्युमिनियमच्या तुकड्यांचा, जोडकाम बघण्यासारखं. पायऱ्या सावकाश चढ, हवा विरळ आहे, मला दोनदा बसावं लागलं होतं. मग उंच मनोऱ्यांचं मोठं चर्च. त्याच्या भिंतींतून दगडी कासवं आणि घोरपडी माना बाहेर काढून बसल्यात. जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात सोन्याचा सूर्य आहे, किरणं सापांसारखी वळवळणारी. शहराबाहेर विषुववृत्ताची पिवळी रेघ. तिथे मी एक पाय उत्तरेत, एक दक्षिणेत ठेवून उभा राहिलो, आणि कुणी बघत नाही असं पाहून दोन्हीकडे उड्या मारल्या.

 ही श्रीखंडाचा डाव हातात धरून उभी. मला वाटलं, आता संपलं. पण ती नाशिककराच्या ताटात श्रीखंड वाढून आत गेली.

परतताना गाडीत बसल्यावर तिने एसी कमी केला.

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी महिनाभर तुमच्याशी बोलले नसते," ती म्हणाली.

"हो."

"मग एवढी वर्षं मला कशाला हसू दिलंत?"

 तू दमली होतीस आणि मी सुखात होतो, एवढंच कसंबसं म्हणालो. खरं तर त्यापलीकडे काही नव्हतंच.

बिल्डिंगखाली गाडी लावली, तरी ती उतरेना. "आता मला सांगा. त्याला सांगितलंत तसं पटापट नको. आणि त्याला काय सांगायचं राहिलं, तेही."

मग त्याला न सांगितलेलं चर्च सांगितलं, आतून भिंती, खांब, छत सगळं सोन्याने मढवलेलं. दाराशी गेल्यावर डोळे दिपतात म्हणालो. तिने मध्येच थांबवलं.

"आत जाताना चपला काढायच्या का?"

"नाही," मी म्हणालो. "पण मी बूट काढले होते. सगळं चर्च मोज्यांवर फिरलो."

ती इतकी हसली की खाली उभा असलेला आमचा हारिस, इमारतीचा रखवालदार, काचेतून डोकावून बघायला आला.