गल्लीचा खोकला

तिची उंची इतकी कमी, की लाँड्रीच्या काउंटरमागे ती उभी असली तरी नव्या गिऱ्हाइकाला दुकान रिकामंच वाटायचं. "कुणी आहे का?" म्हणून त्याने हाक मारली की खालून आवाज यायचा, "आहे की! जरा नजर खाली करा!" मूर्ती लहान पण तोंड महान, असं तिचा नवराच म्हणायचा, अर्थात ती आसपास नसताना. गल्लीने तिचं नाव ठेवलं होतं लवंगी. ते मिरचीवरून ठेवलं की फटाक्यावरून, यावर दोन तट होते. तिच्याशी एकदा भांडलेले लोक म्हणायचे, दोन्हीवरून.

लाँड्री तिने स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, वकिलांचे शर्ट. म्हणजे सगळं पांढरं काम. खाली धुलाई आणि इस्त्री, वर गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा. पांढरं कापड धुणाऱ्याला आभाळाकडे बघावंच लागतं. लवंगी आभाळाकडे बघायची ते मात्र पावसासाठी नव्हे, धुरासाठी. गल्लीच्या पाठीमागे भंगार वितळवून सळया करणारा कारखाना होता आणि त्याची चिमणी तिच्या गच्चीवर वाकून बघितल्यासारखी उभी होती. सकाळी वाळत घातलेली चादर दुपारी काढायला जावं, तर तिच्यावर काळे ठिपके. काजळीचा कण बोटाने पुसायचा नसतो, झटकायचा असतो. पुसला की रेघ उमटते आणि चादर पुन्हा पाण्यात जाते. एकेक चादर दोनदा धुवायची आणि मजुरी एकदाच मागायची, असा तिचा धंदा चालला होता.

एकदा ती तशी ठिपक्यांची चादर काखोटीला मारून जिल्ह्याच्या कचेरीत गेली आणि साहेबाच्या टेबलावर पसरली. साहेब हसून म्हणाला, "बाई, चादर मळली तर धुवायला तुम्हीच आहात की!" आता यावर साध्या माणसाने काय करावं? खाली मान घालून घरी यावं. लवंगीने ती चादर तिथेच ठेवली आणि "मग तुमच्या छातीत बसलेलं कोण धुणार, तेही ठरवून ठेवा," असं सांगून ती आली. कचेरीतला शिपाई म्हणे त्या दिवसापासून तिला उभं राहून नमस्कार करायचा.

तर अशा बाईच्या गल्लीला जिल्ह्यातली सगळ्यात ठणठणीत गल्ली ठरवण्यात आलं, ही त्याची गोष्ट.

झालं असं, की कारखान्याने दुसऱ्या चिमणीची परवानगी मागितली. गल्लीच्या अगदी कुंपणाला लागून पाया खणून झाला होता, फक्त कागद यायचा बाकी होता. त्याच सुमारास जिल्ह्याच्या हवा-पाण्याची आणि माणसांच्या तब्येतीची पाहणी निघाली. नियम सोपा होता. नुसती हवा खराब असून भागत नाही. त्या हवेचा तिथल्या माणसांना त्रास होतोय असं पाहणीत दिसलं, तरच नवी चिमणी अडते. लवंगीला आनंद झाला. त्रासाला काय तोटा! समोरचा शिंपी मशीन चालवताना दर टाक्याला खाकरत होता. आणि तिच्या स्वतःच्या घरात सासूबाई होत्या. त्यांचा खोकला असा, की भिंतीवरचं घड्याळ एक वेळ चुकेल, पण पहाटेचा तो खोकला चुकायचा नाही.

पाहणीवाले आले त्या दिवशी लवंगी दवाखान्यात चादरी पोचवायला गेली होती. तिथेच घात झाला.

तिच्या मागे गल्लीने काय करावं? पाहुणे येणार म्हणून गल्ली लखलखीत केली. खिडक्यांवरची काजळी पुसली, पायऱ्या फिनेल टाकून धुतल्या, रस्त्यावर पाणी मारून धूळ बसवली. पुढाकार अर्थातच सासूबाईंचा. त्या ताठ कण्याच्या बाई. परक्या माणसासमोर त्यांनी आयुष्यात कधी जांभईसुद्धा दिली नव्हती. पाहणीवाल्या बाईंना त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि प्रश्नांना उत्तरं दिली. घरात कुणाला खोकला? छे. दम लागतो? मुळीच नाही. डोळे चुरचुरतात? आमच्याकडे सगळ्यांची प्रकृती उत्तम आहे, अजून अर्धा कप घ्या. पाहणीवाल्या बाई दाराबाहेर पडेपर्यंत त्यांनी घशात आलेली उबळ चहाच्या घोटाबरोबर गिळली. त्यांचं ऐकून शेजारणीने तेच सांगितलं आणि शेजारणीचं ऐकून शिंप्याने. आजारी माणसाकडे कपडे कोण शिवायला टाकणार, असं त्याचं म्हणणं. कुणी कसं आहात विचारलं तर "बरं आहे" म्हणायचं, ही आपली जन्माची खोड. ज्याचं खरंच बरं असतं तोच काय तो कुरकुर करतो.

अहवालाचा कागद गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर लागला. लवंगीने तो टाचा उंचावून वाचला. 'हवा काहीशी मळकट, तथापि रहिवाशांवर परिणाम नाही. चिमणीस हरकत नसावी.' खाली जाहीर सुनावणीची तारीख होती.

ती घरी आली तेव्हा सासूबाई डाळ निवडत बसल्या होत्या.

"आई, तुम्हाला खोकला नाही?"

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणता. सरकारी कागदावर छापून आलंय."

सासूबाईंनी ताटातला खडा शांतपणे बाजूला काढला. "अगं, आल्यागेल्यासमोर घरची दुखणी काय मांडायची? शोभतं का ते? माझा खोकला माझ्यापाशी. मी तो कुणाच्या दारात नेऊन टाकला नाही."

"पण त्यांनी तो तुमच्या दारात आणून टाकला त्याचं काय?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"उघडून बघा ती मूठ एकदा!" लवंगीचा आवाज गच्चीपर्यंत गेला. "काजळी आहे त्यात, आई. सव्वा लाख नाही. आणि आता दुसरी चिमणी येतेय, म्हणजे दोन्ही मुठी भरतील!"

सासूबाईंनी ताट उचललं आणि त्या आत गेल्या. दार लावून घेतलं. दारामागे त्या खोकल्या, तोंडावर काहीतरी दाबून, आणि लवंगी बाहेर ऐकत उभी राहिली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की ती कपडे आपटायला घ्यायची. त्या दुपारी दवाखान्याच्या चादरींनी भलताच मार खाल्ला.

पुढचे दिवस ती दारोदार फिरली. सुनावणीला या, खरं काय ते सांगा. शिंपी म्हणाला, "वहिनी, मला कशाला मध्ये ओढता? मला काही होत नाही," आणि एवढं एक वाक्य पुरं करताना दोनदा थांबला. शेजारीण म्हणाली, मुलीचं जमत आलंय, आत्ता नको. कुणी म्हणालं, एकदा नाही म्हटल्यावर आता हो कसं म्हणायचं, लोक काय म्हणतील! लोक म्हणजे कोण, असं लवंगीने विचारलं. सगळी गल्ली तर इथे दारात उभी आहे, आणखी कोण म्हणणार आहे?

तिचा नवरा कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. भंगाराचा ट्रक आला की भरलेला तोलायचा, परत जाताना रिकामा तोलायचा. घरीही तो तसाच, दोन्ही बाजू तोलून गप्प बसणारा. त्या आठवड्यात तो जरा उतरल्या चेहऱ्याने घरी आला.

"मॅनेजरने बोलावलं होतं. म्हणाला, बायकोला आवर. पाण्यात राहून माशाशी वैर बरं नाही."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, साहेब, ती माझं ऐकत असती तर एवढी वर्षं तुमच्याकडे काट्यावर कशाला काढली असती? घरीच साहेब झालो असतो."

लवंगी त्या दिवसांत पहिल्यांदाच हसली. मग तिने विचारलं, "नोकरी जाईल का हो?"

"जाईल किंवा राहील," तो म्हणाला. "तू सुनावणीला जा. इस्त्री मी बघतो." इस्त्री त्याने बघितली म्हणजे एका वकिलाची कॉलर जाळली, पण त्या बोलण्यापुढे कॉलरची काय किंमत!

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. पुढे टेबल, टेबलामागे तेच कचेरीतले साहेब आणि पाहणीवाल्या बाई, एका बाजूला कारखान्याचा मॅनेजर, मधोमध उभा माईक. गल्ली आली होती. पण मागच्या बाकांवर, अंग चोरून. सासूबाईही आल्या होत्या. का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि लवंगीने विचारलं नाही. दोघींत त्या दिवसापासून कामापुरतंच बोलणं होतं.

साहेबांनी अहवाल वाचला. गल्लीचं अभिनंदनसुद्धा केलं! इतक्या जवळ कारखाना असूनही रहिवाशांची प्रकृती इतकी उत्तम, हे इतरांनी घेण्यासारखं आहे, वगैरे. मग म्हणाले, "कुणाला काही सांगायचं असेल तर पुढे यावं. अट एकच. ज्याने त्याने स्वतःपुरतं सांगायचं. दुसऱ्याच्या वतीने बोललेलं नोंदीत येणार नाही."

लवंगी माईकपाशी गेली. माईक तिच्या कपाळापेक्षा उंच होता. तिने खटका दाबून तो खाली ओढला.

"हा अहवाल खोटा आहे," ती म्हणाली. "माझ्या गल्लीत घरटी माणूस खोकतंय."

"तुम्हाला खोकला आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या सासूबाईंना..."

"तुम्हाला स्वतःला?"

एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. कोण तपासायला बसलं होतं? पण लवंगी जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. भांडायला खरं पुरत असताना खोटं कशाला, असा तिचा हिशेब.

"नाही," ती म्हणाली. "मला काही धाड भरलेली नाही."

पुढच्या बाकांवर हशा पिकला. मॅनेजर तर मनापासून हसला. साहेबांनी हात जोडले, म्हणजे आता बसा. लवंगी माईक सोडून हलली नाही. तिचे कान लाल झाले होते. ती मागे वळून आपल्या गल्लीकडे बघू लागली, आणि गल्ली आपल्या पायांकडे बघू लागली. इतकी ती कधी कुणासमोर एकटी पडली नव्हती.

तेवढ्यात मागचा बाक सरकल्याचा आवाज झाला. सासूबाई उठल्या. मधल्या वाटेने त्या चालत आल्या, नेहमीसारख्या ताठ, कुणाचा आधार न घेता. पाहणीवाल्या बाईंनी ओळखून खुर्ची पुढे केली. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. लवंगीने माईक पुन्हा वर सरकवला.

"मी या गल्लीतली..." सासूबाईंनी सुरुवात केली आणि उबळ आली. हात सवयीने रुमालाकडे गेला, रुमाल तोंडापर्यंत आला. मग त्यांनी तो रुमाल खाली घेतला, घडी करून टेबलावर साहेबांच्या पुढ्यात ठेवला, आणि त्या खोकल्या. दाराआड दाबून खोकायच्या तसं नव्हे. पोटापासून, मान वाकवून, जसा आला तसा. माईकने तो खोकला उचलला आणि सभागृहाच्या चारही भिंतींवरून परत आणला. लोक अवघडले. साहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला. मॅनेजरने माईकवाल्याला खूण केली, बंद कर.

"राहू दे चालू," सासूबाई श्वासाश्वासाच्या मधून म्हणाल्या. "माझा अजून संपलेला नाही."

आणि संपेपर्यंत सगळ्यांना तो ऐकावा लागला. शिंपी बाकावरून उठून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. त्याच्या मागे शेजारीण, मुलीचा हात धरून. लवंगीने कुणालाही बोलावलं नव्हतं. ती नुसती उभी होती, तोंड मिटून; तिचा तो अवतार गल्लीने पहिल्यांदाच बघितला.

पाहणीवाल्या बाईंनी अहवाल पुढे ओढला आणि 'परिणाम नाही' या शब्दांवर उभ्या उभ्या काट मारली. साहेब काहीतरी पुटपुटले, मग त्यांनी खाली सही केली. फेरपाहणी होईपर्यंत चिमणीचा कागद निघणार नव्हता.

मॅनेजर पुढे आला. आवाजात शक्य तितकी साखर घालून म्हणाला, "आजी, एवढा त्रास होता तर आधी नाही का सांगायचं? एवढे दिवस का लपवलंत?"

सासूबाईंनी टेबलावरचा रुमाल उचलला, तोंड पुसलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "यात लाज मला वाटायला हवी."