तीनदा पुढं ढकललेली तारीख

मी एकवीस वर्षं सोसायटीचा सचिव होतो. सोसायटी म्हणजे आमच्या गावची सेवा सहकारी संस्था, तालुका पाटोदा. या एकवीस वर्षांत एकही सभा पहिल्या तारखेला झालेली मी पाहिली नाही. नोटीस फळ्यावर लागायची, मग चेअरमनच्या पाव्हण्यात लग्न निघायचं आणि सभा पुढं जायची. वसुली पुढं जायची, इलेक्शन पुढं जायचं, पाऊस तर दोन वर्षं नुसता पुढंच गेलता. तारीख असते ती पुढं ढकलायलाच, असं माझं प्रामाणिक मत झालं होतं. हे आधीच सांगून ठेवतो. नंतर सांगितलं तर सबब वाटंल.

माझी धाकटी बहीण लग्न करून परदेशात गेलेली. कोणत्या देशात, ते गावाला कधी पाठ झालं नाही. गावाच्या लेखी परदेश म्हणजे अमेरिका, तेव्हा आपणही तेच धरून चालू. त्या वर्षी तिला दिवस गेले. पहिली खेप. सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा दिवसभर कामावर. तिनं फोन करून सांगितलं की बाळंतपणाला आई पाहिजे, दुसरं कुणी नको. आईला विचारलं तर ती म्हणाली, यात विचारायचं काय हाय, पहिलं बाळंतपण आईनंच करायचं असतं. गावातल्या निम्म्या पोरांना तिनं पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं. स्वतःच्या नातवाला घालायचं तर समुद्र आडवा आला. तो ओलांडायला सहा महिन्यांचा व्हिसा लागणार होता, आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीख काढायचं काम माझ्याकडं आलं.

पण तेव्हा आई घरी नव्हती, छावणीत होती. दुष्काळात गुरांची छावणी आमच्याच सोसायटीनं चालवली होती. गावाबाहेरच्या माळावर पत्र्याचे न् ताडपत्रीचे आडोसे, दावणीला गुरं आणि गुरांजवळ त्यांची माणसं. आमचे दोन बैल, एक गाय आणि एक कालवड. वडील वारल्यावर जमीन आईच्या नावावर झाली, म्हणून छावणीचं कार्डही आईच्या नावावर. रोज संध्याकाळी हजेरी व्हायची. मालक गुरांपाशी हजर नसला तर त्या दिवसाचा चारा बंद. नियम कडक होता. रजिस्टर माझ्याकडं असायचं.

सोसायटीच्या कॉम्प्युटरवर मी आईचा अर्ज भरला. जन्मतारीख एक जून. माझीही एक जूनच आहे. गुरुजींनी शाळेत घालताना अख्ख्या गावाला एक जूनला जन्माला घातलं. आई शाळेत गेलीच नव्हती, पण पासपोर्ट काढताना तारीख मागितली तेव्हा तिनं आमचीच घेतली. चेअरमननी न मागता लेटरहेडवर पत्र दिलं, की सदर महिला संस्थेच्या सभासद असून त्या परत येतील याची संस्था हमी घेते. खाली गोल शिक्का. संस्थेनं आजवर घेतलेल्या हम्यांचं काय झालं ते मला माहीत होतं, तरी ते पत्र मी फाईलला लावलं.

तारीख मात्र मिळंना. वीज असली की नेट नसायचं, नेट असलं की कॅलेंडर सगळं करडं, एक दिवस रिकामा नाही. महिना असा गेला. मग एका दुपारी एक तारीख हिरवी दिसली आणि मी ती धरली. बहिणीला पाचवा महिना लागलेला, सगळं वेळेत बसत होतं. छावणीत ही बातमी माझ्या आधी पोचली. बायांनी आईला खारका, खोबरं, डिंक आणून दिला आणि तिनं तीन दगडांच्या चुलीवर डिंकाचे लाडू केले. डबाभर.

त्या तारखेच्या आठ दिवस आधी कळलं, की त्याच आठवड्यात तहसीलचं पथक छावणी तपासायला येणार. मालक गुरांपाशी पाहिजेच. मी कॉम्प्युटर उघडला आणि तारीख बदलली. एक बटन दाबायचं होतं, अर्जसुद्धा नाही. सोसायटीची सभा तहकूब करायलाही याच्यापेक्षा जास्त कागद लागतात.

आईला सांगितलं, की त्यांनीच तारीख पुढं ढकलली. तिला यात वावगं काही वाटलं नाही. तिनं आयुष्यात पाहिलेल्या प्रत्येक हापिसानं तेच केलं होतं. एवढंच म्हणाली, की त्यांच्याकडं बी दुष्काळ पडलाय का काय. बहिणीलाही मी तेच सांगितलं. पथक काही आलं नाही, त्यांचीही तारीख पुढं गेली.

दुसरी तारीख आमच्या वार्षिक सभेच्या दिवशी आली. सभेला सचिव लागतो, आणि आई तर बीडच्या पलीकडं एकटी कधी गेली नव्हती. तारीख बदलली. सभेला कोरम भरला नाही, म्हणून नियमाप्रमाणं ती तहकूब करून अर्ध्या तासानं त्याच जागी तीच माणसं घेऊन पार पाडली. सगळे ठराव एकमतानं मंजूर झाले. तिसऱ्या वेळी ऑडिटर येणार होते. ते आले, दोन कप चहा पिले आणि गेले.

चौथ्यांदा तारीख निवडली तेव्हा पडद्यावर ओळ आली, की यापुढं बदल करता येणार नाही. आणि ही तारीख होती बहिणीचे दिवस भरल्यानंतर दोन आठवड्यांची. मी किती तरी वेळ त्या ओळीकडं बघत बसलो. वरच्या कुणाला भेटावं तर वर कुणीच नव्हतं. अशा वेळी आमच्याकडं आमदाराचा फोन लावतात, पण आमदारांनाही व्हिसा लागतो असं ऐकलं होतं.

लाडवांचा पहिला डबा खवट व्हायला लागला म्हणून माझ्या पोरांनी संपवला. दुसरा केला, तोही तसाच गेला. तिसरा करायला आईनं डिंक मागितला तेव्हा एका बाईनं तिला विचारलं, की मावशी, नक्की जाताव ना? आई म्हणाली, त्यांनी बोलवलं की जाते.

बहीण सहा दिवस आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. जावयांनी फोटो पाठवला आणि मी तो छावणीत नेऊन आईला दाखवला. तिनं हात पदराला पुसून फोन धरला, बराच वेळ बघितला. पोरीला न्हाऊ कोण घालतंय, म्हणून विचारलं. नर्सनं दाखवलंय, आता ती स्वतःच घालते, असं मी सांगितलं. आईनं फोन परत दिला आणि उसाचं वाढं घेऊन बैलांकडं गेली. मला तेव्हा फार वाईट वाटलं. पण तोंड उघडावं इतकं नाही.

ठरल्या तारखेला आम्ही मुंबईला गेलो. मला वकिलातीच्या आत सोडलं नाही. तिची पिशवी, माझा मोबाईल आणि तिसरा डबा घेऊन मी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. दोन तासांनी आई बाहेर आली. चप्पल नीट करायचं निमित्त करून कठड्यावर टेकली, मग तिनं आतलं सगळं सांगितलं.

काचेपलीकडं गोरा साहेब होता आणि मराठी सांगणारी एक बाई. कशाला जाता, विचारलं. लेकीच्या बाळंतपणाला. कधी हाय? झालं, वीस दिवस झाले. मंग आता कशाला? आई म्हणाली, "बाळंतपण झालं, पर लेक हाय की." साहेब हसला म्हणे. तो हसला म्हणून आईला धीर आला आणि तिनं त्याला सुनावलं, की तुमी तीनदा तारीख बदलली म्हणून माझी पोरगी तिकडं एकटी बाळंत झाली, हे काय बरं केलं न्हाई. साहेबानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. मग त्या बाईनं आईला समजावलं, की आजी, आमच्याकडून एकदाही बदललेली नाही, तिन्ही वेळा तुमच्याकडूनच बदलली.

"व्हिसा दिला त्यांनी," आई म्हणाली. "मलाच लाज वाटली. तारखा तू बदलल्या?"

"व्हय."

"कावून?"

मी पथक सांगितलं, सभा सांगितली, ऑडिट सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"छावणीचं रजिस्टर कुणाकडं असतं?"

"माझ्याकडं."

आईच्या जागी घरचं दुसरं माणूस हजर मांडणं माझ्याच हातात होतं. यापुढं सांगायला काही उरलं नव्हतं, म्हणून खरं सांगितलं. ती गेली असती तर सहा महिने गुरांपाशी मला राहावं लागलं असतं. ताडपत्रीखाली, शेणात, ऑफिस सांभाळून. माझ्या बायकोची अंगणवाडी, पोरांची शाळा. पहिल्या वेळी वाटलं, महिनाभर लांबू दे. दुसऱ्या वेळीही महिनाभरच वाटलं. बाळंतपण पुढं जात नसतं हे मला कळत होतं, आणि कळत असूनही मी ते बटन दाबलं.

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू असं करशील असं मला कधी वाटलंच न्हाई. ती रोज विचारायची, आणि मी तिला म्हणायची, दादा बघतोय." मग डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "फोन लाव. आत्ता. तिला तूच सांग."

मी लावला. बाळंतीण जागीच होती. इतिवृत्त वाचून दाखवावं तसं एका दमात सगळं सांगितलं, पहिल्या तारखेपासून. मधे पोरीचं कुरकुरणं ऐकू येत होतं. ती रडत असंल तर ते ऐकायची माझी तयारी होती. चिडली असती तरी चाललं असतं.

"व्हिसा मिळाला ना?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, मिळाला.

"मग तिकीट मी काढते. तू तारखेला हात लावू नको, दादा. आईकडं फोन दे."

मी फोन आईकडं दिला आणि तिचं बोलणं होईपर्यंत पिशवी घेऊन बाजूला उभा राहिलो.