स्थळ पाहायला पाच जण

पारोळ्याचे पंडितनाना एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते आणि खानदेश कंपाउंडर संघाचे बिनपगारी चिटणीस. पोट भरायचं पहिल्या कामावर, जीव टाकायचा दुसऱ्यावर. बारा वर्षं पत्रं यांनी लिहायची, तिकिटं यांनी चिकटवायची, आणि अधिवेशनाचे हार एक साल जळगावकरांच्या गळ्यात, एक साल धुळेकरांच्या. एकदा तरी बठ्ठा, अख्खा संघ आपल्या गावात यावा, एवढीच त्या माणसाची हौस.

१९६८ साली देवानं ऐकलं. म्हणजे काय, तर यंदाचं अधिवेशन कुठं भरवायचं यावरून जळगाव आणि धुळे भांडले. जळगावकर म्हणाले, तुमच्याकडे यायचं तर गाडी बदलावी लागते, आणि ती धुळ्यात येऊन संपते. धुळेकर म्हणाले, संपत नाही, आमच्याकडे आल्यावर तिला पुढं जावंसंच वाटत नाही! बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवणारी ही माणसं, पण तोरा सिव्हिल सर्जनचा. शेवटी नानांनी भीत भीत लिहिलं : दोघांच्या मधलं पारोळं पाहा.

घरात मात्र ते बोलले नाहीत. संघाचं नाव काढलं की त्यांची बायको सुंदरबाई कपाळाला हात लावायच्या.

उत्तर आलं तेव्हा नाना दवाखान्यात होते. लेकीनं, लतानं, आईला कार्ड वाचून दाखवलं : ‘स्थळ पाहण्यास रविवारी पाच जण येत आहोत. पसंत पडल्यास तिथेच पक्के करू. आपला, रुपचंद.’ लता चोविसाची झाली होती; स्थळं यायची आणि परत जायची. सुंदरबाईंनी आधी देवापुढं साखर ठेवली.

नाना आले, कार्ड वाचून हरखले. “घर झाडून घ्या. नाक कापलं जायला नको.”

“पसंत करतीन ना?” सुंदरबाईंनी विचारलं.

“न करायला झालंय काय? आपल्यात काय कमी आहे?”

लतानं दाराआडून हे ऐकलं. आपल्याविषयी नाना असं बोलले, तिला फार बरं वाटलं.

रविवारी पाच जण एस.टी.तून उतरले आणि गादीवर ऐसपैस बसले. शिरा झाला, चिवडा झाला. जळगावचे अध्यक्ष रुपचंदभाऊ म्हणाले, “पाण्याचं कसं?”

“विहीर दारमाच शे,” दाराआडून सुंदरबाई.

“दोनशे माणूस धरा. दोन दिवस मुक्काम.”

“व माय! दोनशे वऱ्हाडी?”

बायको गंमत करतेय असं वाटून नाना हसले. तेवढ्यात लता जरीकाठी साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन आली आणि खाली मान घालून पाटावर बसली. सुंदरबाई म्हणाल्या, “काय इचारनं शे ते इचारा तिले.”

धुळ्याच्या चिंधाअप्पांनी उचललेली चिवड्याची मूठ परत बशीत सोडली. रुपचंदभाऊंनी सवयीनं विचारलंसुद्धा, “नाव काय, बेटा?”

आता नानांच्या डोक्यात उजेड पडला. “अगं, हे अधिवेशनाचं स्थळ पाहायला आलेत!”

पाचही जण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अहो, हसायला काय जातंय? लतानं कप एकेकाच्या हातात दिले आणि ती आत गेली.

निघताना रुपचंदभाऊ म्हणाले, “स्थळ झकास आहे, नाना. विचार करून कळवतो.”

तीन आठवडे झाले. सुंदरबाई नवऱ्याशी बोलत नव्हत्या आणि नाना दुपारी घरी जेवायला आले की ताट सोडून दारात उभे राहत होते. पोस्टमन त्या दिवशीही सायकल न थांबवता पुढं गेला.

“नाना, आत या,” लता ज्वारी निवडत होती. “‘कळवतो’ म्हणाले ना? मग झालं तर.”

“अगं, कामाची माणसं. येईल पत्र.”

“मलाही तुम्ही असंच सांगायचे. सात जण ‘कळवतो’ म्हणून गेलेत, नाना. एकाचंही आलं नाही.”

नाना आत येऊन ताटावर बसले. त्या सातही वेळा पोर याच दारात उभी राहिली असणार, आणि आपण दवाखान्यात बसून संघाची कार्डं लिहीत होतो, हे कळल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं आणि लताच्या पुढची मूठभर ज्वारी निवडायला घेतली.