एकाच तारेवरचा भोंगा

ता. ३० जुलै २०२४, मंगळवार. दिवसभर पाऊस. वीज दोनदा गेली. दूध आले नाही. सारोळ्याकडच्या वाडीतला धनाजी काल नीरेच्या पाण्यात वाहून गेला, आज सापडला. प्रशिक जेवला नाही.

नूतनबाईंनी डायरी मिटली आणि वरच्या मजल्याकडे कान दिला. प्रशिक येरझाऱ्या घालत होता.

प्रशिक वेल्ह्याकडचा. डिप्लोमा करून पुण्याच्या एका लहानशा कंपनीत लागला आणि काम घरून करता येते म्हणून भोरला नूतनबाईंच्या वरच्या खोलीत राहिला. डबा त्यांचाच. तो नेमके काय करतो हे त्यांनी एकदा विचारले होते. तो म्हणाला होता, "काकू, चिपच्या आत बरेच भाग असतात. एखादा भाग अडकून बसला की त्याची रीसेटची तार ओढायची. ओढून धरली की तो झोपतो, सोडली की पहिल्यापासून जागा होतो. पण कुठली तार कोणाची, हे ऑपरेटिंग सिस्टीमला आपोआप कळत नाही. कुणीतरी फाईलमध्ये लिहून द्यावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे मी."

"आणि चुकीची तार लिहिलीस तर?"

"तर भलताच झोपतो," असे म्हणून तो हसला होता.

नदीकाठच्या त्या वाडीत कंपनीने भोंगा बसवला, त्याची फाईलही प्रशिकनेच लिहिली. धरणातून पाणी सोडायचे ठरले की राखणदाराला फोन येई, मग तो भोंग्याच्या खोलीतले बटण दाबी. राखणदार म्हणून वाडीतल्या कोंडिबाला लावला तोही प्रशिकनेच शब्द टाकून. कोंडिबाचा एक पाय अधू, शेतीचे काम होत नव्हते. नोकरी लागली तेव्हा तो पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन भोरला आला होता.

सोमवारी फोन आला, पण भोंगा वाजला नाही. धनाजी पाण्याची मोटर वर काढायला नदीत उतरलेला होता. वाडीने एकाच दिवसात निकाल लावला: कोंडिबा झोपला होता. पोरे त्याला पाहून घोरण्याचे आवाज काढू लागली. पंचायतीने खोलीची किल्ली काढून घेतली.

गुरुवारी कोंडिबा भिजत आला आणि जिन्याखालीच उभा राहिला.

"प्रशिक, म्या बटण दाबलं रं. लाल दिवा लागला, पर आवाज न्हाई. पुन्यांदा दाबलं. मग पळालो वरडत, पर ह्या पायानं किती पळणार? घरची म्हातारी सुदिक म्हणती, खरं सांग, डोळा लागला हुता ना? तू तरी इस्वास ठेव."

"नाना, वर या. तसलंच यंत्र माझ्याकडं आहे. लावून बघू."

नूतनबाई चहा घेऊन वर गेल्या. टेबलावर सर्किटची हिरवी पाटी, तिला लहानसा कर्णा जोडलेला. प्रशिकने बटण दाबले. कर्णा असा किंचाळला की बशीतला चहा हिंदकळला. पुन्हा दाबले, पुन्हा वाजला. दरवेळी कोंडिबाचा चेहरा उतरत गेला. चांगले चालणारे यंत्र त्याच्याविरुद्ध साक्ष देत होते.

"मग म्या खोटं बोलतोय व्हय?" तो हळूच म्हणाला.

खिडकीबाहेर मोबाईलचा मनोरा दिसत होता, त्याकडे प्रशिक पाहत राहिला. मग म्हणाला, "काकू, तांदळाचा मोठा डबा रिकामा करून देता? स्टीलचा."

त्यांनी तांदूळ परातीत ओतले. प्रशिकने पाटीवरच्या मोडेमची, म्हणजे मोबाईलच्या रेंजवरून कंपनीला खबर देणाऱ्या भागाची, अँटेना डब्यात सोडली आणि वायरीपुरती फट ठेवून झाकण दाबून बसवले. रेंज तुटली. त्याने बटण दाबले. लाल दिवा लागला. कर्णा गप्प.

"बगा! बगा, बाई!" कोंडिबा उठून उभा राहिला. "असंच झालं हुतं! फोन आला आन् मागनं रेंज गेली. नदीकडं पाऊस लागला की कुठं रेंज ऱ्हाती? दाब, आणिक दाब!"

तो हसत होता, रडतही होता. प्रशिक मात्र खुर्चीत मागे सरकला होता. यंत्र बिघडले होते, ते कंपनीकडून वदवून घेऊ, अशी कोंडिबाची समजूत काढून त्याने त्याला एसटीत बसवून दिले.

परत आल्यावर त्याने नूतनबाईंना खरे सांगितले. पहिल्या पाटीत मोडेमची रीसेटची तार निराळी होती. नव्या पाटीत पैसे वाचवायला मोडेम आणि भोंग्याचा आवाज वाढवणारा भाग एकाच तारेवर घेतले. प्रशिकने जुनीच फाईल उचलली, नाव बदलले, तार फक्त मोडेमची म्हणून ठेवली. सगळे तसेच करतात. रेंज गेली की मोडेमला जागे करायला तार पुन्हा पुन्हा ओढली जाई आणि दरवेळी भोंगाही झोपे. चाचणी त्याने इथेच केली होती, भोरात, मनोऱ्यासमोर.

"नव्या पाटीचा नकाशा माझ्याकडं होता, काकू. उघडलाच नाही."

त्याने कंपनीला कळवले तसा पुण्याहून त्याच्या वरिष्ठांचा, मानसिंग सरांचा फोन आला. आवाज बाहेर ऐकू येत होता. "दुरुस्ती आजच टाक. खुलाशात लिही, रीसेटच्या वर्णनात सुधारणा. बास. जास्त शहाणपणा नको, नोकरी करायचीय ना?"

त्या फायली सगळ्यांना वाचायला खुल्या असतात आणि दर बदलाखाली तो का केला हे इंग्रजीत लिहायचा रिवाज आहे. आपले इंग्रजी प्रशिक नेहमी नूतनबाईंकडून तपासून घेई. त्या नन्सच्या शाळेत शिकलेल्या. आजही त्याने लॅपटॉप पुढे केला. एकच वाक्य होते.

"चूक काही नाही," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसला. "पण हे वाचून कोंडिबाला किल्ली परत मिळेल का?"

त्याने वाक्य पुसले आणि लिहिले: रेंज नसताना बटण दाबूनही भोंगा वाजत नाही. चुकीची तार मी लिहिली. खाली नाव घातले. त्यांनी त्यात फक्त एक स्वल्पविराम टाकला. त्याने दुरुस्ती तशीच टाकली. संध्याकाळपर्यंत कंपनीने त्याचे कामाचे खाते बंद केले; नोकरी गेली.

शनिवारी तो वाडीला निघाला. त्याचे तोंड पाहून नूतनबाईही एसटीत बसल्या. येताना कोंडिबाला जेवायला घेऊन येऊ असे ठरले होते. भात-आमटी करून ठेवली होती.

धनाजीची बायको गीताबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. कोंडिबालाही प्रशिकने तिथेच बोलावून घेतले होते. त्याने सगळे सांगितले, तार, रेंज, न उघडलेला नकाशा. कोंडिबाने बटण दाबले होते, हे दोनदा सांगितले.

गीताबाई म्हणाली, "आदी भोंगा नव्हता तवा आमचं मालक पाण्याचा रंग बघून उतरायचं. गढूळ दिसलं की मागं फिरायचं. त्या दिवशी म्या म्हणलं, नगा जाऊ. तर म्हणलं, भोंगा कुठं वाजलाय अजून?" तिने पदर सारखा केला. "तुमी भोंगा आणलाच नसता तर बरं झालं असतं."

मग ती कोंडिबाकडे वळली. "भावजी, म्या तुमास्नी लई बोलले. पोटात ठेवू नका."

"न्हाई, वैनी." एवढेच म्हणून कोंडिबा ओट्यावरून उतरला. प्रशिक मागोमाग गेला.

"नाना, मी सरपंचांना लिहून दिलंय. किल्ली मिळेल."

"पोरं घोरायची माझ्याकडं बगून," कोंडिबा म्हणाला. "तवा म्या सगळ्यास्नी सांगायचो, आमच्या प्रशिकला इचारा, त्येनं केलंय यंत्र. त्यो खोटं करायचा न्हाई." त्याने प्रशिककडे पाहिले नाही. "किल्ली नगं मला. त्या खोलीत बसवणार न्हाई आता."

"घरी चला, जेवून जा," नूतनबाई म्हणाल्या.

"न्हाई, बाई. आज नगं."

तो पाय ओढत बांधावरून गेला. एसटी येईपर्यंत प्रशिक फाट्यावर नदीकडे पाठ करून उभा राहिला. घरी आल्यावर तो सरळ वर गेला आणि दार लावून घेतले.

त्या संध्याकाळी नूतनबाईंनी लिहिले: तिघांचा भात उरला. डब्यात तांदूळ परत भरले.