शनिवारचा तास आणि जोगळेकरांचा स्वेटर

दुकानदाराकडे दोन गोष्टी न मागता साठतात. रिकामी खोकी आणि लोकांचे किस्से. खोकी निदान बाहेर ठेवली की कचऱ्याची गाडी घेऊन जाते. किश्शांचं काय करणार? एक सांगायला घेतला की त्याच्या पोटातून दुसरा निघतो, आणि ऐकणारा म्हणतो, "शेठ, चहा सांगा, बसतो अजून थोडा."

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत एडिसनला ओक ट्री रोडवर माझं दुकान होतं. टीव्ही, व्हीसीआर, मिक्सर, आणि भारतात न्यायला दोनशेवीस व्होल्टच्या वस्तू. मूळचा मी इचलकरंजीचा. शाळेचं आणि माझं कधी पटलं नाही. इंग्रजी शिकलो ते मशिनबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांतून. त्यामुळे माझं पहिलं अस्खलित इंग्रजी वाक्य होतं, "कीप अवे फ्रॉम मॉइश्चर!" गिऱ्हाईक 'हाऊ आर यू' म्हणालं तरी तेच तोंडात यायचं.

असा मी, आणि माझ्या मागे लागली शाळा!

आमच्या मराठी मंडळानं मुलांना मराठी शिकवायला एका चर्चच्या तळघरातला हॉल घेतला होता. शनिवारी सकाळी, एक तास. पण मुलं येईनात. आली तर घड्याळाकडे बघत बसायची. मग मंगलाताई आल्या. वर्ध्याच्या. तिकडे प्राथमिक शाळेत शिकवायच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेल्या. त्या म्हणाल्या, "मराठी नका शिकवू जी. मराठीतून विज्ञान शिकवू. मराठी येते मग मागून, आपोआप."

मंडळाचा सेक्रेटरी मी, आणि अध्यक्ष होते जोगळेकर. इंजिनिअर. मनानं सज्जन, पण नव्या मशिनवर फार जीव. त्यांचं म्हणणं, "त्या तासाला मुलांना कम्प्युटर शिकवा. जग कुठे चाललंय!" हॉल एक, तास एक. शेवटी ठरलं, संक्रांतीपर्यंत ताईंचा वर्ग चालवून बघायचा, आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात मतदान घ्यायचं.

ताईंना इथल्या शाळेत नोकरी मिळत नव्हती, तिकडचं सर्टिफिकेट चालत नव्हतं. आठवडाभर त्या एका कपड्यांच्या दुकानात घड्या घालायच्या. शिक्षिका म्हणून त्यांच्या हातात होता तो हा शनिवारचा एक तास. तोही आता टांगणीला.

* * *

ताई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी खूश झालो. वर्गासाठी काहीतरी घेणार! मी त्यांना सगळ्यात मोठा टीव्ही दाखवला. रंग दाखवले, रिमोट दाखवला, लांबून दाखवला, जवळून दाखवला. ताईंनी सगळं शांतपणे बघितलं.

"छान आहे जी," त्या म्हणाल्या. "याचं खोकं द्याल का?"

दिलं. त्यांनी तिथंच खोक्याला एका बाजूनं सुईनं भोक पाडलं, समोरच्या बाजूला आतून पांढरा कागद चिकटवला, आणि मला म्हणाल्या, "शेठ, रस्त्याकडे पाठ करून डोक्यावर घ्या."

घेतलं. गळ्याभोवती शाल गुंडाळून उजेड बंद केला. आणि काय सांगू! आत कागदावर अख्खा ओक ट्री रोड, उलटा! गाड्या डोक्यावर चालल्यात, माणसं छताला लटकून चालल्यात, आणि सगळं रंगीत!

मी दुकानात "अरे हे बघा, हे बघा" करून ओरडलो. मग जे गिऱ्हाईक येईल ते खोक्यात. बाहेर रांग लागली. मोठा टीव्ही बिचारा समोर चालू, आणि लोक त्याच्या खोक्यात डोकं घालून उभे!

एका सरदारजीनं पगडी सावरत डोकं बाहेर काढलं आणि मला हळूच विचारलं, "ये मॉडेल कितने का है?"

* * *

मग मटकीचा प्रयोग. ताईंनी मुलांना मूठ मूठ मटकी दिली. थोडी ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवा, थोडी फ्रिजमध्ये ठेवा, थोडी कोरडीच ठेवा, आणि रोज बघा. पुढच्या शनिवारी सगळ्यांनी आपापली मटकी घेऊन यायचं.

आता मला सांगा, मराठी घरात ओल्या फडक्यात छान मोड आलेली मटकी दिसली, तर बाई काय करील?

पुढच्या शनिवारी निम्मी मुलं हात हलवत आली. जोगळेकरांचा रोहन, वय वर्षं सात, रडवेला होऊन म्हणाला, "मंगलामावशी, माय मॉम कुक्ड माय एक्सपेरिमेंट!"

एकीनं तर डबा उघडून दाखवला. उसळ. वर खोबरं, कोथिंबीर.

ताईंनी काय करावं? फळ्यावर तीन रकाने होते: उबेतली, फ्रिजमधली, कोरडी. त्यांनी चौथा रकाना आखला: 'आईनं खाल्ली'. आणि मुलांना विचारलं, "सांगा बरं, आईनं फ्रिजमधली काऊन नाही खाल्ली?"

मुलं विचारात पडली. रोहनचे डोळे मोठे झाले. "बिकॉज इट डिडन्ट ग्रो! मोड नाही आले!"

"हे पाहा," ताई मागे बसलेल्या मला म्हणाल्या, "प्रयोग फसला कुठं? उसळीनं उत्तर दिलं न!"

* * *

तरी आयांचा भरवसा काय? म्हणून ताईंनी दुकानातला व्हिडिओ कॅमेरा मागितला. मटकीचा एकच दाणा, काचेच्या पेल्यात, माझ्या काउंटरमागे. रोज मी काही सेकंद त्याचं शूटिंग करायचं. हळदीकुंकवाच्या, लग्नाच्या कॅसेटी करणारा माणूस मी. आता मटकीच्या दाण्याला 'जरा इकडे बघा' म्हणायची वेळ आली!

टेप तयार झाली. ती दाखवायला ताईंना व्हीसीआर हवा होता. मी माझं नेहमीचं सुरू केलं, "ताई, हा रेकॉर्ड असा करतो, तो फास्ट फॉरवर्ड तसा करतो, याला टायमर आहे..."

त्यांनी मला थांबवलं. "शेठ, सगळ्यात चांगलं थांबतो कोणता?"

"म्हणजे?"

"पॉज. चित्र हलायला नको, थरथरायला नको."

इतकी वर्षं धंदा केला, पण व्हीसीआर थांबतो कसा हे बघून व्हीसीआर नेणारं गिऱ्हाईक मी तेवढं एकच पाहिलं! चार हेडवाला नेला त्यांनी, त्यात थांबलेलं चित्र थरथरत नाही.

वर्गात मी मागे बसून बघितलं. दाणा फुगला, साल तडकलं, पांढरं टोक बाहेर डोकावलं, आणि ताईंनी दाबला पॉज. "आता हे टोक वर जाईन का खाली? काढा चित्र, मग दाखवतो."

पोरं ओरडायला लागली, "मावशी, प्ले! प्ले!" कागदावर चित्रं उमटल्याशिवाय बाईंनी काही प्ले दाबलं नाही. मीही काढलं. मी वर काढलं होतं. चुकलं. टोक खाली गेलं, म्हणे ते मूळ होतं. पण चुकलं म्हणून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. शाळेत असताना चुकलो की छडी मिळायची, प्ले कोण दाबणार!

* * *

एकदा ताईंनी मुलांना लोहचुंबक दिलं आणि सांगितलं, घरात कशाकशाला चिकटतं ते शोधून या.

रोहननं सुरुवात देवघरापासून केली. गणपती झाला, अन्नपूर्णा झाली, बाळकृष्ण झाला. मग वर्गात उभा राहून मोठ्या गंभीरपणे सांगितलं, "नन ऑफ अवर गॉड्स आर मॅग्नेटिक!"

"पितळेचे आहेत न बाळा," ताई म्हणाल्या. "त्यांना वेगळ्या ओढीनं बोलवावं लागते."

इथवर ठीक होतं. पण त्याच दिवशी सुनीताकाकू, म्हणजे रोहनची आई, त्याला घेऊन माझ्या दुकानात आल्या. त्या मिक्सर बघतायत, मी मिक्सर दाखवतोय, आणि हा पठ्ठ्या चुंबक घेऊन माझ्या शोकेसमधल्या रंगीत टीव्हीसमोर! बातम्या चालू होत्या. सांगणाऱ्या बाईचा अर्धा चेहरा हिरवा झाला, अर्धा जांभळा. चुंबक काढून घेतलं, तरी बाई हिरवीच!

सुनीताकाकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी 'असू दे, असू दे' म्हणतोय, पण माझाही चेहरा त्या बाईच्याच रंगाचा झाला असणार. तेवढ्यात ताई आल्या. सेटकडे बघितलं, रोहनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"शेठ, व्हायचं ते होऊन गेलंच आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मुलांना बोलवू का?"

* * *

कम्प्युटरला ताईंचा विरोध होता असं मात्र नाही. जोगळेकर एकदा आपला घरचा कम्प्युटर हौसेनं वर्गात घेऊन आले, तेव्हा ताईंनीच टेबल मोकळं करून दिलं. म्हणाल्या, "मुलांना त्याला विचारू द्या न काहीतरी."

शिल्पा नावाची एक चुणचुणीत पोरगी पुढे झाली. एक एक अक्षर शोधून तिनं टाइप केलं, 'माझा कुत्रा झोपेत पाय का हलवतो?' अर्थात इंग्रजीत.

कम्प्युटर म्हणाला, 'सिंटॅक्स एरर'.

तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा सिंटॅक्स एरर. जोगळेकर घाईनं समजावू लागले, की त्याला त्याच्या भाषेत सांगावं लागतं, आधी प्रोग्रॅम लिहावा लागतो, वगैरे. पण शिल्पानं मागे वळून वर्गाला जाहीर करून टाकलं होतं, "ही डझन्ट नो आयदर!"

ताई म्हणाल्या, "मग आपल्यालाच पाहावं लागते. कुत्रा किती वाजता झोपते तुझा?"

जोगळेकर हसले. पण जाताना मला म्हणाले, "शेठ, गमतीजमती ठीक आहेत. पण पोरांना पुढे नोकऱ्या करायच्यात." त्यांचंही खोटं नव्हतं. मी दोघांनाही मशिनं विकत होतो, मी कोणाला काय बोलणार?

* * *

आली संक्रांत. बाहेर पार्किंग लॉटमध्ये गुडघाभर बर्फ. आत तिळगूळ, हळदीकुंकू, काळ्या साड्यांवर जाड स्वेटर. आणि शेवटी मतदान. ताई सकाळपासून घड्याळाकडे बघत होत्या.

आधी जोगळेकर. त्यांनी रात्रीचा दिवस करून कम्प्युटरवर बर्फ वितळण्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर चौकोनी बर्फ, खाली पाणी, आणि बाजूला चढत जाणारं तापमान. देखणं काम! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

"काही प्रश्न?" जोगळेकरांनी विचारलं.

कोणालाच नव्हता.

मग ताई उठल्या. चर्चच्या फ्रिजमधून त्यांनी बर्फाचे दोन सारखे खडे आणले होते. एक बशीत ठेवला. दुसरा दुसऱ्या बशीत. आणि म्हणाल्या, "जोगळेकरसाहेब, तुमचा स्वेटर द्या जरा."

सुनीताकाकूंनी स्वतः विणलेला तो जाडजूड स्वेटर. ताईंनी दुसरा खडा त्यात नीट गुंडाळला. "आता सांगा. आधी कोणता वितळीन?"

"स्वेटरमधला!" पोरांनी एका सुरात सांगितलं. आया तर त्यांच्याही वर. "स्वेटर म्हणजे ऊब! आम्ही काय उगाच पोरांच्या मागे धावतो?"

"उलट आहे," जोगळेकर म्हणाले. "स्वेटर गरम करत नाही. बाहेरची उष्णता तो आत जाऊ देणार नाही. उघडा आधी वितळणार."

"अहो, काहीतरीच काय!" सुनीताकाकू सगळ्यांसमोर म्हणाल्या. "स्वेटर गरम करत नाही? मग चार हिवाळे मी गारठा विणला की काय?"

हॉल खो खो हसला. मी सेक्रेटरी म्हणून हात वर करायला सांगितले, आणि हात वर झाले. पण मतदानाला नव्हे, बर्फाला! अख्खा हॉल एका बाजूला आणि जोगळेकर एकटे दुसऱ्या.

ताई मागे सरकल्या, खुर्चीत बसून राहिल्या.

जोगळेकर शर्टावर कुडकुडत दोन्ही बश्यांसमोर उकिडवे बसले. मागे त्यांचा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा आपोआप वितळत होता, कोणी बघत नव्हतं. बायकांनी बशीभोवती कोंडाळं केलं. पोरं टेबलाखाली, टेबलावर. कोणीतरी उघड्या खड्यावर फुंकर घातली, तर जोगळेकर ओरडले, "चीटिंग! लांब व्हा!"

तेवढ्यात हॉलला कुलूप लावायला चर्चचा रखवालदार जॉर्ज किल्ल्या वाजवत आला. काय चाललंय विचारलं, रोहननं सांगितलं. जॉर्ज म्हणाला, "स्वेटर मेल्ट्स इट फर्स्ट, शुअर." आणि खुर्ची ओढून बसला.

मी जोगळेकरांच्या कानाशी गेलो. "साहेब, वेळ झाली. मतदान घ्यायचं ना?"

"मतदान?" त्यांनी मान वर केली नाही. "अहो, आधी ते दार लावा, वारा येतोय!"

बशीतल्या खड्याचं पाणी झालं. ताईंनी जोगळेकरांकडे मान हलवली. त्यांनी आपल्या हातांनी स्वेटरच्या घड्या उलगडल्या, एक बाही, दुसरी बाही. आत खडा तसाच, चांगला सुपारीएवढा!

"बघितलंस?" जोगळेकर बायकोकडे बघून नाचायचेच बाकी होते. "बघितलंस?"

सुनीताकाकूंनी खड्याला बोट लावलं. तेवढ्यात रोहन मध्ये घुसला. "बाबा, व्हॉट इफ आत गरम चहा ठेवला तर?"

जोगळेकरांनी तोंड उघडलं, उत्तर द्यायला. मग मंगलाताईंकडे बघितलं. मग तोंड मिटलं.

"शेठ," ते म्हणाले, "दोन कप चहा आणा. कडकडीत. आणि कोणीतरी कोरडा स्वेटर द्या रे!"

जॉर्जनं हातातल्या किल्ल्या खिशात टाकल्या, आणि आपला स्वेटर डोक्यातून काढायला लागला.