पंक्चरवाल्याचा मरळ

चौसाळ्याजवळच्या तलावावर सिदू भोयाला कुणी मासेमारी शिकवावी, एवढी कुणाची छाती नव्हती. पावसाळ्यात ओढ्याचं गढूळ पाणी आत शिरलं की रोहू त्या धारेला उलटे चढतात. सिदू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं फेकायचा आणि ते ताटासारखं गोल पडायचं. थंडीत मासा खोल जातो, म्हणून संध्याकाळी तरंगती जाळी लावायची आणि सकाळी कटले काढायचे. उन्हाळ्यात तलाव आटला की काठीनं पाणी बडवत चिलापी जाळ्यात हाकायची. तीस वर्षं हेच चाललं होतं.

मरळ मात्र त्याला हुलकावणी द्यायचा. जाळ्याची चाहूल लागली की तो चिखलात घुसायचा अन् जाळं वरून रिकामं निघून जायचं. आणि हाच मरळ हायवेवरचा पंक्चरवाला यासीन दर शुक्रवारी, दुकान बंद ठेवून, गळानं धरायचा आणि सायकलच्या हँडलला अडकवून गावातून मिरवत न्यायचा. म्हणजे तो घरीच जायचा, पण सिदूला ते मिरवणं वाटायचं.

"याच्या सात पिढ्यांत कुणी जाळं शिवलं न्हाई," सिदू बायकोजवळ चरफडायचा, "अन् मरळ यालाच कावून गावतो?"

"त्याला विचारा की," मुक्ताबाई म्हणायची. हे तर त्याहून झोंबायचं.

चैत्रात लेक सायली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आबा, मरळाचं कालवण खावं वाटतंय."

"यासीनला सांगा, आणून देईल," मुक्ताबाई म्हणाली.

सिदूनं हातातला घास ताटात टाकला. "माझ्या लेकीला पंक्चरवाला मासा चारणार? मी काय मेलोय का? मी आणतो."

त्या शुक्रवारी तो बाभळीआड दडून बसला. यासीन कुठं बसतो, पाण्यात बुडालेल्या खोडांजवळ. गळाला काय लावतो, बारकी बेडकी. सगळं त्यानं डोळ्यांत भरून घेतलं. शनिवारी तीच जागा, तीच बेडकी घेऊन बसला. पण जाळेवाल्याचं अंग ते. पाणी जरा हललं की पाय पुढं व्हायचे, हात बडवायला उठायचे. सहा दिवस गेले, मरळाचं शेपूटसुद्धा दिसलं नाही.

पुढच्या शुक्रवारी यासीन वीस पावलांवर येऊन बसला आणि तासाभरात हातभर मरळ काढला.

"सिदूमामा, हा घ्या. सायली आलीय म्हणं."

"आमच्या घरी लई मासा हाय," सिदू म्हणाला.

त्या दिवशी घरी वरण शिजलं. सायली भाकरी अर्धीच खाऊन उठली. तिचे दिवस भरत आले होते, आणि सिदूला रात्रभर ती अर्धी भाकरी दिसत राहिली.

सोमवारी तलावावरून येताना त्याच्या मोटारसायकलच्या चाकात काटा घुसला. पंक्चरचं दुकान एकच. तो मान खाली घालून गाडी ढकलत गेला.

यासीननं ट्यूब काढली, हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवली. पाण्यावर मोठाले बुडबुडे आले.

"हे बघ, इथंच गळतंय!" सिदू म्हणाला.

"न्हाई मामा, ते आपल्या हातानं पाणी हाललं त्याचे." यासीन घमेल्यावर वाकून गप्प झाला. पापणीही हलेना. मग एका कडेला मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ वर आली. "ही खरी. थांबलं की दिसतीच."

सिदू चाकाकडं बघायचं विसरून यासीनच्या डोळ्यांकडं बघत राहिला. मरळ अधूनमधून श्वास घ्यायला वर येतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण खाली जाताना तो मागं काय सोडत जातो, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसं? तो पाणी बडवत होता. आणि हा पोरगेला माणूस दिवसभर घमेल्यात तेच बघत होता!

दुसऱ्या दिवशी पहाटे सिदू खोडांजवळ बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ऊन चढलं, मुंग्या आल्या, पण तो हलला नाही. मग पाण्यावर एक तोंड येऊन गेलं, आणि डावीकडं बारीक माळ उमटत चालली. सिदूनं बेडकी त्या माळेच्या पुढं अलगद सोडली.

कालवण झालं. सायलीनं दोनदा रस्सा मागून घेतला.

"यासीनभाईचा का?" तिनं बोटं चाटत विचारलं.

"माझा हाय! मी धरलाय!"

"खरंच? आबा, कसा ओ धरला?"

सिदूनं तोंड उघडलं. पण सांगायला सुरुवात कुठून करायची? घमेल्यापासून. आणि घमेलं कुणाचं?

"गप खा," तो म्हणाला, आणि ताटातल्या डोकं नसलेल्या मरळाकडं रागानं बघू लागला.

पंधरा दिवसांनी सायली बाळंत होऊन नातीसकट घरी आली, तेव्हा मुक्ताबाईनं पाहिलं, सिदू अंगणात बसून बाभळीच्या काट्यानं स्वतःच्याच गाडीचं चाक टोचत होता.

"आवं, हे काय करताय?"

"जरा यासीनकडं जाऊन येतो," सिदू वर न बघता म्हणाला. "पंक्चर हाय. अन् थंडीत वांब मासळी कोणत्या दगडाखाली बसती, ते त्या भाड्याला ठाऊक असणार."